देहांतील उभयान्वयी अव्यय

व्याकरणाच्या तासाला मुलें नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद येथपर्यंत उत्साहानें येतात. पण फळ्यावर 'अव्यय' हा शब्द उमटला कीं त्यांचे डोळे खिडकीबाहेर जातात, असा माझा तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. 'आणि', 'परंतु', 'कीं', 'म्हणून' यांना ना लिंग, ना वचन, ना विभक्ति. कर्त्या-कर्माच्या पंक्तींत त्यांना पाट कोण मांडणार? अशा वेळीं मी फळ्यावर एक लांबलचक वाक्य लिहीत असें आणि त्यांतलीं सर्व उभयान्वयी अव्ययें फडक्यानें पुसून टाकीत असें. नामें जागच्या जागीं, क्रियापदें जागच्या जागीं. वाक्य मात्र कोसळलेलें! मग मुलांच्या ध्यानांत येई कीं, जो शब्द स्वतः कांहीं सांगत नाहीं, तोच इतरांना कांहीं सांगूं देतो.

या जुन्या युक्तीची आठवण होण्याचें कारण माझा नववींतला नातू. मागील पंधरवड्यांत तो विज्ञानाचें पुस्तक घेऊन माझ्या झोपाळ्यापाशीं आला आणि म्हणाला, "आजोबा, हाडें जोडणाऱ्या दोऱ्यांना संयोजी ऊति म्हणतात, हें कळलं. पण रक्तालाहि तेंच नांव दिलंय. रक्त तर पातळ. तें कशाला कशाशीं जोडणार?"

प्रश्न चांगला होता. मी मॅट्रिकपुढें शास्त्र शिकलों नाहीं. माझें शिक्षण मुख्यतः पाठशाळेंतलें, संस्कृताचें. परंतु गेल्या वर्षीं याच विषयानें आमच्या घरांत मला एक धडा फार महाग शिकविला. त्या निमित्तानें डॉक्टरांना विचारून आणि पुस्तकें चाळून जें कांहीं गांठीं बांधलें होतें, तें मीं त्याला सांगितलें. तेंच या महिन्याच्या सदरांत वाचकांपुढें ठेवतों. धड्याची हकीकतहि शेवटीं सांगणार आहें. ती न सांगितली तर बाकीचें सारें केवळ पाठांतर होईल.

प्रथम शब्दाकडे पाहूं. 'ऊति' हा शब्द 'वे' म्हणजे विणणें या धातूपासून होतो. आपण रोज 'ओतप्रोत' म्हणतों, त्यांतील 'ओत' आणि 'प्रोत' हीं त्याच धातूचीं भावंडें. वस्त्राचे उभे-आडवे धागे तीं दाखवितात. इंग्रजींतील 'टिश्यू' हा शब्दहि विणलेलें वस्त्र या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेला आहे. मौज अशी कीं, संस्कृतांत 'अव्' म्हणजे रक्षण करणें या धातूपासूनहि 'ऊति' असाच शब्द होतो आणि त्याचा अर्थ साहाय्य, संरक्षण असा आहे. विणणें आणि सांभाळणें, हे दोन्ही अर्थ आजच्या विषयाला तंतोतंत लागू पडतात.

मनुष्यदेहांत चार प्रकारच्या ऊति आहेत. त्वचेचा वरचा थर आणि आंतील पोकळ इंद्रियांचें अस्तर होते ती अभिस्तर ऊति. आकुंचन पावून हालचाल करविते ती स्नायु-ऊति. संदेश नेते-आणते ती चेता-ऊति. आणि या तिघींना धरून ठेवते, पोसते, आधार देते ती संयोजी ऊति. पहिल्या तिघींमध्यें पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, लग्नाच्या पंगतींत पाटाला पाट लागावा तशा. काम तेथें पेशीच करतात. चौथींत मात्र उलट प्रकार. पेशी विरळ, दूर दूर विखुरलेल्या. आणि त्यांच्या मधल्या जागेंत, बहुतेक ठिकाणीं त्यांनींच निर्माण केलेलें पुष्कळसें आधारद्रव्य भरलेलें. मोठ्या वाड्याच्या चौकांत चार माणसें वावरत असावीं, पण घर उभें असावें तें चौकाच्या भोंवतालच्या दगड-चुन्यावर, तसें हें आहे. या ऊतीचें बळ पेशींच्या संख्येंत नसून त्यांनीं विणलेल्या आधारद्रव्यांत आहे.

हें आधारद्रव्य दोन गोष्टींचें असतें: धागे आणि त्या धाग्यांमधला पाणी धरून ठेवणारा चिकट, मऊ भाग. धागे तीन जातींचे. एक ताण सहन करणारा चिवट धागा, त्याला कोलॅजेन म्हणतात. दुसरा ताणला असतां लांबून पुन्हां पूर्वस्थितीस येणारा, तो इलॅस्टिन. कान दुमडून सोडला तर तो जागेवर येतो आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक मोठ्या रोहिण्या फुगून पुन्हां आवळतात, तें याच्यामुळें. तिसरा अतिशय बारीक, जाळीदार. प्लीहा, अस्थिमज्जा अशा ठिकाणीं पेशींना तो जाळ्यासारखा तोलून धरतो. हे धागे काढणाऱ्या विणकर पेशी, बाहेरून आलेल्या जंतूंना गिळणाऱ्या रखवालदार पेशी आणि चरबी सांठविणाऱ्या कोठारी पेशी, अशी मंडळी या चौकांत राहते.

यांत कोलॅजेनचा मान मोठा. शरीरांतील एकंदर प्रथिनांचा सुमारें चौथा ते तिसरा हिस्सा एकट्या याचा आहे. ग्रीक भाषेंत 'कोला' म्हणजे सरस. सुतार लांकूड चिकटविण्यासाठीं जनावरांचीं कातडीं आणि हाडें उकळून केलेला सरस वापरीत, तो याच द्रव्याचा. या धाग्याची घडण उलगडण्याचा मान आपल्या देशाकडे येतो, हें घरांतल्या मुलांना अवश्य सांगावें. 1954 सालीं मद्रास विद्यापीठांतील जी. एन्. रामचंद्रन् आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनीं 'नेचर' या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, कोलॅजेनचा रेणु म्हणजे तीन पेडांचा पीळ आहे. प्रत्येक पेडांत दर तिसऱ्या जागीं ग्लायसिन नांवाचें सर्वांत लहान अमिनो आम्ल असावें लागतें; कारण तीन पेड जेथें आंतल्या बाजूस एकमेकांना भिडतात, तेथें दुसरें कांहीं मावण्याइतकी जागाच नसते. आपल्या मुलींची वेणी तिपेडी घातली म्हणजे सहसा सुटत नाहीं. निसर्गानेंहि देह बांधावयास तीनच पेड घेतले आहेत.

आतां प्रकार पाहूं. हाताच्या पाठीवरील कातडी चिमटींत धरली तर ती खालच्या भागावरून सरकते. ती सरकूं देणारी, आणि सरकूनहि सुटूं न देणारी, विरल ऊति कातडीखालीं असते; इंद्रियांच्या फटींतूनहि हीच कापसासारखी भरलेली असते. तिच्याच जातीची, पण चरबीनें भरलेली ती मेद-ऊति. आपण मेदाची केवळ निंदा करतों. तथापि मूत्रपिंडांच्या भोंवतीं गादी, डोळ्यांच्या मागें उशी, तळपायाखालीं जोडा आणि सर्वांगाला थंडींत पांघरूण पुरविणारी ही गृहिणी आहे. कोठारांत धान्य असावें. तें अंगणांत सांडूं लागलें म्हणजे मात्र चिंता करावी.

दाट विणीच्या दोन ऊति आहेत. स्नायूला हाडाशीं जोडते ती स्नायुरज्जु, आणि हाडाला हाडाशीं जोडतो तो अस्थिबंध. दोहोंतहि कोलॅजेनचे धागे ताणाच्या दिशेनें लागलेले असतात. आपल्या टांचेच्या मागें बोटांत धरतां येते ती जाड दोरी म्हणजे देहांतील सर्वांत बळकट स्नायुरज्जु; पोटरीचें सर्व बळ तिच्यावाटे टांचेला मिळतें. गुडघा मुख्यतः चार अस्थिबंधांनीं सांवरलेला आहे. त्यांपैकीं दोन सांध्याच्या आंतच एकमेकांवर फुलीसारखे पडलेले असतात.

येथें आपल्या जुन्या आचार्यांची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आज मराठींत 'स्नायु' म्हणजे मांसाचा आकुंचन पावणारा भाग. सुश्रुतसंहितेंत मात्र त्या मांसाला 'पेशी' म्हटलें आहे आणि 'स्नायु' हा शब्द बांधणाऱ्या दोऱ्यांना लावला आहे. म्हणजे आज आपण ज्याला स्नायु म्हणतों ती सुश्रुताची पेशी, आणि ज्याला संयोजी म्हणतों त्यांत सुश्रुताचा स्नायु! शारीरस्थानांत सुश्रुतानें स्नायु नऊशें आणि सांधे दोनशें दहा मोजले आहेत. आजचा हिशेब निराळा असला तरी त्याची उपमा शिळी झालेली नाहीं. फळ्या पुष्कळ बंधनांनीं घट्ट आवळल्या म्हणजे नाव जशी पाण्यावर माणसांचा भार वाहते, तसेंच स्नायूंनीं बांधलेल्या सांध्यांमुळें मनुष्य भार सहन करतो, असें तो म्हणतो. इतकेंच नव्हे, तर हाड, मांस, शिरा किंवा सांधा दुखावल्यानें होत नाहीं इतकी हानि स्नायु दुखावल्यानें होते, असेंहि त्यानें बजावलें आहे. हें वाक्य मीं विद्यार्थिदशेंत वाचलें होतें. त्याचा अर्थ कळावयास मला पांसष्टावें वर्ष लागलें.

पुढचा प्रकार कास्थि. नाकाचा शेंडा, कानाची पाळ, श्वासनलिकेचीं कडीं आणि सांध्यांत हाडांच्या टोकांवर बसविलेली गुळगुळीत टोपी ही कास्थीची. सुश्रुतानें हिला 'तरुणास्थि' असें गोड नांव देऊन हाडांतच गणलें आहे. हिची एक खोड लक्षांत ठेवण्याजोगी आहे. हिच्यांत रक्तवाहिन्या नाहींत. मग हिला जेवूं कोण घालतो? सांध्यांत वंगणासारखा एक द्रव असतो. पाऊल टाकलें म्हणजे कास्थि दाबली जाते आणि तिच्यांतील पाणी बाहेर पडतें. पाऊल उचललें म्हणजे ती फुगते आणि तो द्रव पोषणासह आंत शोषला जातो. पाण्यांत बुडविलेला स्पंज दाबून सोडावा तसें. अर्थात् सांधा हलला तर कास्थि नीट जेवली. सांधा निजला तर तिची उपासमार.

अस्थि म्हणजे हाड हीहि संयोजी ऊतिच आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. एकदां विज्ञानाचे शिक्षक रजेवर असतां त्यांच्या वर्गावर मला पाठविण्यांत आलें. टेबलावर त्यांनीं कांचेच्या बरणींत शिरक्यामध्यें आठ दिवस बुडविलेलें कोंबडीचें हाड तयार ठेवलेलें होतें. पाठशाळेंतल्या शास्त्रीबुवांनीं तें चिमट्यानें बाहेर काढलेलें पाहून सारा वर्ग खुदखुदला; पण तें हाड रबरी नळीसारखें वांकलें तेव्हां सगळे गप्प झाले. शिरक्यानें हाडांतील चुन्याचे क्षार विरघळून गेले होते आणि कोलॅजेनची वीण तेवढी उरली होती. याच्या उलट हाड विस्तवांत भाजलें तर वीण जळून जाते, चुना उरतो आणि बोटानें दाबतांच त्याचा भुगा होतो. नुसती वीण वांकते, नुसता चुना फुटतो. दोहोंचा संसार जुळला म्हणजे हाड होतें.

आणि आतां रक्त. नातवाला मीं उलट विचारलें, "गांवांतलीं घरें एकमेकांना दोरीनें बांधलेलीं असतात का? तरी तें एक गांव असतें ना?" टपालवाला, दूधवाला, नळाचें पाणी यांनींहि गांव जोडलेलें असतें. रक्तांत पेशी आहेत आणि त्यांच्या मधलें आधारद्रव्यहि आहे. फक्त तें आधारद्रव्य, म्हणजे रक्तद्रव, पातळ आहे. हाडांत तें दगडासारखें, कास्थींत रबरासारखें, रक्तांत पाण्यासारखें. तिघांची घडण एका सूत्राची आणि गर्भावस्थेंतील मूळहि एकाच थरांतलें. म्हणून शास्त्रज्ञांनीं त्यांना एका कुटुंबांत घातलें. नातवाचें समाधान झालें. माझें मात्र याच ठिकाणीं नुसत्या व्याख्येवर समाधान होत नाहीं. कारण या वस्त्राची खरी मर्मस्थानें पुढेंच आहेत.

आपली समजूत अशी कीं, हाडें, दोऱ्या, बंध हीं एकदां विणलीं कीं जन्माचीं झालीं. तें खरें नव्हे. हें वस्त्र रोज थोडें उसवलें जातें आणि रोज पुन्हां विणलें जातें. याचा एक भयंकर पुरावा इतिहासांत आहे. 1740 ते 1744 या वर्षांत ॲन्सन या इंग्रज दर्यासारंगाच्या आरमारानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. महिनोन् महिने ताजी फळें-भाजी न मिळाल्यामुळें खलाशांना स्कर्व्ही हा रोग जडला. त्यांत एक म्हातारा शिपाई होता. 1690 सालच्या बॉइनच्या लढाईंत त्याला झालेल्या जखमा बऱ्या होऊन पन्नास वर्षें लोटलीं होतीं. त्या जखमा, कांहीं नवा घाव न होतां, पुन्हां उघडल्या! कारण असें कीं, कोलॅजेनचे तीन पेड घट्ट बसण्यास 'क' जीवनसत्त्व लागतें. तें बंद झालें. जुने धागे नित्याप्रमाणें उसवत गेले, नवे नीट वळले जाईनात, आणि अर्ध्या शतकापूर्वीं मिटलेला व्रण सुटला. पुढें 1747 सालीं जेम्स लिंड नांवाच्या जहाजावरील वैद्यानें स्कर्व्हीच्या बारा रोग्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. संत्रीं आणि लिंबें मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. आपल्या ताटांत डाव्या बाजूस लिंबाची फोड वाढण्याची रीत आहे. ती शोभेसाठीं नाहीं हें मुलांना सांगावें, आणि आवळा, पेरू या आपल्या ऋतूंतल्या फळांचीहि आठवण द्यावी.

पण वस्त्र रोज विणलें जातें तें कोणत्या नमुन्यावर? तर पडणाऱ्या भाराच्या. 1892 सालीं जर्मनींतील ज्यूलिअस वोल्फ या शल्यवैद्यानें ग्रंथ लिहून प्रतिपादन केलें कीं, हाडाची आंतली घडण त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणें बदलते. भार असेल तेथें हाड भक्कम होतें. भार काढला कीं देह तेथील सामग्री काढून नेतो. अंतराळांत गेलेल्या वीरांना वजनच जाणवत नाहीं. तेथें व्यायामाची जोड नसेल तर त्यांच्या भार वाहणाऱ्या हाडांची घनता महिन्याला सुमारें एक ते दीड टक्का कमी होते. स्नायुरज्जु आणि अस्थिबंध यांचेंहि असेंच. योग्य ताण मिळाला तर धागे दाट आणि सरळ राहतात. न मिळाला तर ते कमकुवत होतात, सांध्याभोंवतींचें वेष्टण आंखडतें आणि त्याचे पदर एकमेकांना चिकटूं लागतात. सारांश, जें बांधतें तें कामानेंच जिवंत राहतें. त्याला विसांवा हवा. पण त्याची बडतर्फी त्याला सोसत नाहीं.

आतां ती हकीकत.

आमच्या थोरल्या वहिनींचें वय त्र्याहत्तर. गेल्या वर्षीं आषाढांत न्हाणीघरांत पाय घसरून त्या पडल्या आणि उजव्या मनगटाचें हाड मोडलें. डॉक्टरांनीं हाड बसवून प्लॅस्टर घातलें आणि एका कागदावर सूचना लिहून दिल्या: बोटें दर तासाला उघडावीं-मिटावीं; कोपर आणि खांदा दिवसांतून अनेकदां पूर्ण हलवावा, हात डोक्यावर न्यावा. तो कागद मीं घेतला, नीट घडी केली आणि पंचांगांत ठेवला. घरी आल्यावर सर्वांना बसवून मीं आज्ञा दिली कीं, आतां वहिनींनीं काडीहि उचलायची नाहीं. पन्नास वर्षें या माउलीनें घर ओढलें. आतां तिला राणीसारखें बसवा. दोघी सुनांनीं माझा शब्द अक्षरशः पाळला. हात झोळींत, झोळी गळ्यांत, वहिनी खुर्चींत. त्या दोनदां म्हणाल्या, "भाऊजी, निदान भाजी तरी निवडते." मीं हंसून नाहीं म्हटलें. मला वाटलें, मी त्यांचा मान राखतों आहें.

सहा आठवड्यांनीं प्लॅस्टर निघालें. हाड उत्तम सांधलें होतें. पण बोटांची मूठ होईना; आणि खांदा छातीच्या वर जाईना. वेणी घालावयास हात नेला तो कानापाशींहि पोंचला नाहीं. डॉक्टरांनीं विचारलें, "सांगितलेला व्यायाम केला होता ना?" वहिनींनीं माझ्याकडे पाहिलें आणि त्या गप्प राहिल्या. कागद पंचांगांतच होता. श्रावण उलटून गेला तरी मीं तो उघडला नव्हता. खांद्याच्या सांध्याचें वेष्टण जाड होऊन आंखडलें होतें. वहिनींना मधुमेह आहे, त्यानेंहि हें दुखणें अधिक संभवतें, असें सांगून डॉक्टरांनीं माझ्या मनावरचा भार हलका करण्याचा प्रयत्न केला. तो हलका झाला नाहीं, आणि होऊंहि नये.

मग उपचार सुरू झाले. भिंतीसमोर उभें राहून बोटांनीं भिंत चढावयाची, जेथें हात थांबेल तेथें नातवानें पेन्सिलीनें रेघ ओढून तारीख घालावयाची. स्वयंपाकघराच्या दाराशेजारीं त्या रेघांची शिडीच झाली आहे. कांहीं आठवडे रेघ केंसभरहि वर सरकली नाहीं. वेदनेनें वहिनींच्या डोळ्यांत पाणी येई, पण त्यांनीं एक दिवस चुकविला नाहीं. बोटांसाठीं उपचार करणाऱ्या बाईंनीं कणीक मळावयास सांगितली, तेव्हां मात्र त्यांचा चेहरा खुलला. आज बोटें मोकळीं झालीं आहेत; हात डाव्या हाताच्या उंचीपेक्षां वीतभर खालीं थांबतो. अंबाडा अजून धाकटी सूनच बांधून देते. राहिलेली वीत भरून येईल कीं नाहीं, हें डॉक्टरहि निश्चित सांगत नाहींत.

एके दिवशीं कणीक मळतां मळतां त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही काळजी घेतलीत, यांत शंका नाही. पण माझं काम काढून घ्यायला नको होतंत."

मला तेव्हां त्या सहा आठवड्यांची दुसरी बाजू दिसली. आमच्या घरांत पगार आणणारे चार, शिकणारे तीन. वहिनी या हिशेबांत कोठेंच नाहींत. परंतु त्या खुर्चींत बसल्या आणि दुधाचा हिशेब दोनदां चुकला, एका नातेवाइकाच्या घरचें आमंत्रण राहून गेलें, दोघी सुनांमध्यें क्षुल्लक गोष्टीवरून चार दिवस बोलणें बंद झालें. त्यांच्यामधून सहज वाहणारें कांहींतरी थांबलें होतें. सर्वजण आपापल्या जागीं, पण वाक्य मात्र सुटलेलें! फळ्यावरचें अव्यय ज्यानें आयुष्यभर पुसून दाखविलें, त्याला तें स्वतःच्या घरांत पुसलें गेलेलें दिसलें नाहीं. वहिनींच्या खांद्याचें जें झालें, तेंच थोड्याफार प्रमाणांत त्यांच्या मनाचें आणि आमच्या घराचेंहि झालें होतें.

माझ्या म्हणण्याचा कोणी विपर्यास करूं नये. मोडलेल्या हातानें कळशी उचलावी किंवा सुजलेल्या गुडघ्यानें जिने चढावे, असें मी सांगत नाहीं. कोणत्या दुखापतींत काय हलवावें, किती दिवसांनीं आणि किती, हें डॉक्टरांनींच ठरवावें. आणि त्यांनीं दिलेला कागद पंचांगांत न ठेवतां भिंतीवर लावावा. मला सांगावयाचें आहे तें आपणां कुटुंबवत्सल मंडळींना. एकत्र कुटुंबांत वडील माणसाला हातांत पाणी, पायांत वहाण देण्याची आपली रीत प्रेमाची आहे. पण त्या प्रेमानें आपण त्यांचे सांधे एकेक करून बंद करीत नाहीं ना, हें पाहावें. आजोबांना पाण्याचा तांब्या स्वतः उठून घेऊं द्यावा. आजीला शेंगा सोलूं द्याव्या, वाती वळूं द्याव्या, देवघरापर्यंत चालूं द्यावें. वेळ लागेल, लागूं द्यावा. आणि तरुणांनीं दिवसभर खुर्चींत बसून मान पडद्यावर वांकवितांना, आपल्याहि देहांतील विणकर आज कोणता नमुना विणीत असेल, याचा विचार करावा.

हा लेख पुरा होत असतां नातू येऊन सांगून गेला कीं, आजची रेघ कालच्या रेघेच्या दोन बोटें वर गेली आहे. मीं स्वतः जाऊन पाहिलें. दोन बोटें नाहींत, एकच आहे. पण वर आहे.